घरगुती संगणक : दूरप्रवेश

दुसऱ्या ठिकाणी बसून, इंटरनेटवरून, आपल्याच घरी ठेवलेला संगणक चालवण्याची सोय. पडदा, कीबोर्ड आणि माउस हाताशी. फाइली, सॉफ्टवेअर आणि त्यांचे परवाने घरी. या सोयीची बाजारात डझनभर नावे असली तरी फरक मुख्यतः दोन बाबतींत असतो : पलीकडून काय येते आणि कोणत्या वाटेने येते. निवडताना बहुतेक जण पहिल्या बाबीत अडकतात, पडदा किती स्वच्छ दिसतो ते पाहतात. भरवसा मात्र ठरतो तो वाटेवर, आणि घरात कोणी नसताना यंत्र आपले आपण उठते की नाही यावर.

सगळ्या फाइली ऑनलाइन ड्राइव्हवर ठेवण्याच्या काळात घरच्या यंत्राची गरज कोणाला, असा प्रश्न पडेल. गरज उरते ती हलवता न येणाऱ्या गोष्टींमुळे. कितीतरी डीटीपीवाल्यांचा जुना मराठी मजकूर युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये अडकलेला आहे आणि तो उघडणारे सॉफ्टवेअर हार्डवेअर लॉक खोचलेल्या एकाच यंत्रावर चालते. टॅलीतले हिशेब, फोटोंनी भरलेली डिस्क, डिजिटल सहीचे टोकन यांचेही तसेच. परदेशी गेलेल्या मुलांना घरच्या संगणकात शिरायचे असते ते बहुधा आईबाबांचा रुसलेला प्रिंटर चालू करून देण्यासाठी.

इतिहास : ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या सभागृहात बसून सुमारे ४८ किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधला संगणक चालवून दाखवला, माउसचे पहिले जाहीर दर्शनही त्याच दिवशीचे. पुढे अक्षरी आज्ञांसाठी टेलनेट आले. त्यात पासवर्ड उघडाच प्रवास करी. हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात पासवर्डचोरी झाल्यावर तातू इलोनेन यांनी १९९५ मध्ये सगळे कुलूपबंद नेणारे एसएसएच लिहिले. एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधला २२ हा पोर्टचा, म्हणजे दरवाजाचा, क्रमांक त्यांनी मागून घेतला. चित्ररूप पडद्याची व्हीएनसी ही पद्धत केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतली, १९९८ मध्ये जगापुढे आलेली. तिच्या कर्त्यांपैकी क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर हे त्याआधी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा रोखणाऱ्या मंडळींत होते. कॉफी उरली आहे का हे जागेवरून न उठता पाहण्याची ती सोय पुढे जगातला पहिला वेबकॅम म्हणून गाजली. मायक्रोसॉफ्टची आरडीपीही १९९८ चीच, आणि २००१ च्या एक्सपी प्रोफेशनलपासून ती घराघरांत पोहोचली.

वाटेचा प्रश्न : बाहेरून घरच्या संगणकाला हाक मारायची तर त्याला पत्ता हवा. आयपीव्ही४ पद्धतीत असे पत्ते ३२ बिटांचे, म्हणजे एकूण सुमारे ४२९ कोटी. आशिया-पॅसिफिक विभागाचा साठा एप्रिल २०११ मध्येच आटला. भारतात इंटरनेटचा खरा पूर आला तो त्यानंतर, म्हणून इथल्या अनेक जोडण्यांना स्वतःचा पत्ता मिळतच नाही. शेकडो ग्राहक कंपनीच्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात. आपली जोडणी अशी आहे का हे तपासायला सोपे आहे. राउटरच्या पानावर दिसणारा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, किंवा ‘माझा आयपी काय’ असे विचारल्यावर वेगळाच आकडा येत असेल, तर बाहेरून आलेली हाक घरापर्यंत पोहोचत नाही. अशा वेळी राउटरमध्ये पोर्ट उघडण्यात घालवलेली संध्याकाळ वाया जाते. काही कंपन्या जादा पैसे घेऊन स्थिर पत्ता देतात. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला पत्ता मिळतो, पण आपण ज्या हॉटेलात किंवा कचेरीत बसलो आहोत तिथेही आयपीव्ही६ असावे लागते.

पत्ता मिळाला तरी आरडीपीचा ३३८९ क्रमांकाचा दरवाजा थेट इंटरनेटवर उघडू नये. असे दरवाजे शोधत फिरणारे प्रोग्राम चोवीस तास चालू असतात. दरवाजा सापडला की पासवर्डांचा भडिमार सुरू होतो. दरवाजाचा क्रमांक बदलून फारसे काही साधत नाही. मे २०१९ मध्ये ‘ब्लूकीप’ नावाचे छिद्र सापडले, त्यात पासवर्डचीही गरज नव्हती. मायक्रोसॉफ्टने पाच वर्षांपूर्वी निवृत्त केलेल्या एक्सपीसाठीसुद्धा दुरुस्ती काढली, यावरून प्रकरणाचा अंदाज यावा. जुन्या व्हीएनसीची गोष्ट आणखी वाईट : तिचा पासवर्ड आठ अक्षरांपुढे मोजलाच जात नाही आणि पडद्याचे चित्रही कुलूपबंद नसते.

मध्यस्थ सेवा : टीमव्ह्यूअर (जर्मनी, २००५), एनीडेस्क (जर्मनी, २०१४), क्रोम रिमोट डेस्कटॉप वगैरे. इथे घरचा संगणक स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरला फोन लावून बसलेला असतो आणि आपणही तिथेच फोन लावतो. सर्व्हर दोघांची गाठ घालून देतो, आणि थेट गाठ जमली नाही तर सगळी वाहतूक स्वतःमार्फत नेतो. पत्त्याची कटकट नाही, मांडणी दहा मिनिटांची. वडीलधाऱ्यांना मदत करायची तर याहून सोयीचे काही नाही, कारण दोघांना एकच पडदा दिसतो आणि फोनवर ‘आता डावीकडचं बटण दाबा’ असे सांगता येते.

किंमत विश्वासाची. सिमँटेकच्या पीसीएनीव्हेअरचा मूळ कोड चोरीला गेला होता आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीनेच ग्राहकांना ते बंद ठेवायला सांगितले. लॉगमीइनने जानेवारी २०१४ मध्ये मोफत सेवा गुंडाळली, मुदत दिली सात दिवसांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये एनीडेस्कच्या सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचे कंपनीने जाहीर केले आणि पासवर्ड बदलायला सांगितले. याच सोयीने भामट्यांचेही फावले : फोनवर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारा ॲप उतरवायला लावतो, ॲपवर दिसणारा नऊ आकडी क्रमांक विचारून घेतो आणि खाते रिकामे करतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये एनीडेस्कचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते. तेव्हा आईबाबांच्या यंत्रावर असे सॉफ्टवेअर ठेवायचे तर द्विस्तरीय पडताळणी हवी, कायमचा लांबलचक पासवर्ड हवा, आणि क्रमांक कोणालाही सांगायचा नाही एवढा एकच नियम त्यांना पाठ हवा.

खासगी बोगदा : दुसरा मार्ग असा की आधी स्वतःचे व्हीपीएन उभारायचे आणि त्याच्या आतून आरडीपी, एसएसएच, काय हवे ते वापरायचे. यात आज वायरगार्डला तोड नाही. जेसन डोनेनफेल्ड यांचे हे काम मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या गाभ्यात (५.६) आले, ओळखीची किल्ली नसलेल्या पाहुण्याला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे चाचपडणाऱ्या प्रोग्रामांना तिथे दार आहे हेही कळत नाही. अडचण एकच, दोन्हींपैकी एका टोकाला पत्ता हवा. तो नसेल तर भाड्याचा छोटा सर्व्हर घ्यावा किंवा टेलस्केलसारखी सेवा घ्यावी. टेलस्केल वायरगार्डच वापरते. खासगी किल्ल्या आपल्या यंत्रांवर राहतात, कंपनी ओळख करून देते. तिच्या दोन खोड्या ठाऊक हव्यात. यंत्राची किल्ली मुळात १८० दिवसांनी मुदतबाह्य होते. घरच्या संगणकापुरती ती मुदत बंद केली नाही तर सहा महिन्यांनी तो गुपचूप जाळ्यातून गळतो आणि पुन्हा लॉगिन करायला घरी कोणी नसते. दुसरी, विंडोजवर ‘अनअटेंडेड’ पर्याय निवडल्याशिवाय कोणी लॉगिन करेपर्यंत जोडणी होत नाही.

पलीकडून काय येते : आरडीपीच्या जुन्या आवृत्त्या चित्राऐवजी बऱ्याच अंशी रेखाटनाच्या सूचना पाठवत; आजही ती मंद जोडणीवर चांगली चालते. विंडोजच्या होम आवृत्तीत तिचा यजमान भागच नसतो, प्रो लागते. आपण आत शिरलो की घरचा पडदा कुलूपबंद होतो. हे गोपनीयतेला छान, मदतीला निरुपयोगी. आणखी एक गोष्ट सीए मंडळींना चटका देऊन जाते. आरडीपीच्या सत्राला स्मार्टकार्ड दिसते ते आपल्या हाताखालच्या यंत्राचे. घरच्या यूएसबीत खोचलेले डिजिटल सहीचे (डीएससी) टोकन सत्रातून दिसत नाही. रिटर्न भरून झालेले, शेवटची तारीख, आणि सहीच्या पायरीवर ‘टोकन सापडत नाही’. काही हार्डवेअर लॉकही असेच अडून बसतात. टीमव्ह्यूअर किंवा व्हीएनसी चालू असलेलाच पडदा दाखवतात, त्यामुळे तिथे टोकन सापडते. म्हणजे वरचा डीटीपीवाला आणि हा सीए यांच्यासाठी आरडीपी कितीही सरस असली तरी एकटी पुरत नाही.

वेगाबाबत एक मर्यादा कोणत्याच सॉफ्टवेअरला ओलांडता येत नाही. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. पुणे ते सॅन फ्रान्सिस्को अंतर १३ हजार किलोमीटरहून अधिक. दाबलेल्या कळीचा परिणाम पडद्यावर यायला १३० मिलिसेकंद तरी लागणार, आणि केबल सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात बरेच जास्त. तिथे बसून फोटो सुधारणे हा छळ आहे. नुसती फाइल हवी असेल तर पडदा आणूच नये. एसएसएचमधून फाइल ओढावी, किंवा सिंकथिंगने ती आधीच दोन्हीकडे ठेवावी.

वीज : तक्रारी होतात सॉफ्टवेअरच्या, पण मुळाशी बहुधा वीजच असते. पुण्यात महावितरणच्या देखभालीचा गुरुवार सगळ्यांना ठाऊक आहे; वीज येते, पंखे फिरू लागतात, संगणक मात्र बंदच राहतो. डेस्कटॉपच्या बायॉसमध्ये वीज परतल्यावर काय करायचे याची नोंद असते : बंद राहा, चालू हो, किंवा आधी जसा होतास तसा हो. यातला ‘चालू हो’ निवडावा. तिसरा पर्याय फसवा आहे, कारण यूपीएसने बॅटरी संपत आल्यावर यंत्र नीट बंद केलेले असेल तर ‘आधी’ ते बंदच होते. लॅपटॉपमध्ये ही नोंद सहसा नसते. राउटर आणि फायबरचा डबा छोट्या यूपीएसवर असावा. यंत्राची आपोआप झोप बंद करावी. वेक-ऑन-लॅनने झोपलेले यंत्र उठवता येते खरे, पण तो संदेश घराच्या जाळ्यातूनच निघावा लागतो, शिवाय वायफायवर त्याचा भरवसा नाही. त्यासाठी रास्पबेरी पायसारखे सदैव जागे असलेले छोटे यंत्र घरी लागते. मॅकवर फाइलव्हॉल्ट चालू असेल तर पुन्हा सुरू झालेले यंत्र पासवर्ड टाकेपर्यंत पडदा देत नाही.

निवड : आईबाबांच्या मदतीपुरते हवे असेल तर एक मध्यस्थ सेवा पुरे, फार खोलात शिरू नये. रोजचे काम घरच्या यंत्रावर असेल तर वायरगार्ड किंवा टेलस्केल, त्याच्या आत विंडोजसाठी आरडीपी आणि लिनक्ससाठी एसएसएच. शिवाय वेगळ्या कंपनीची एक मध्यस्थ सेवा दुसरी वाट म्हणून कायम तयार, कारण पहिली वाट बंद पडली हे कळते तेव्हा आपण घरी नसतो. पोर्ट उघडून केलेली थेट आरडीपी कोणत्याही परिस्थितीत नको.

प्रवासाला निघण्याच्या आठवडाभर आधी चाचणी घ्यावी. संगणक नीट बंद करावा, मेन स्विच पाडून पाच मिनिटांनी चालू करावा. मग कशालाही हात न लावता मोबाइलचा वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून दोन्ही वाटांनी आत शिरून पाहावे. एकही वाट अडली तर ती दुरुस्त होईपर्यंत त्या यंत्रावर विसंबून राहू नये.