ऐकलेला सिनेमा

सिनेमा पाहायचा असतो हे खरे. पण रत्नागिरीसारख्या गावात एक पिढी अशी होऊन गेली, की तिने कित्येक सिनेमे आधी ऐकले आणि मग पाहिले, किंवा पाहिलेच नाहीत. मुंबईत लागलेला चित्रपट कोकणातल्या तंबूपर्यंत पोचायला वेळ लागे. त्याच्याआधी गणपतीला नाही तर शिमग्याला येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेतून, कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेली त्याची तबकडी घरी येई. तीत गाणी असत, हे सांगायला नकोच. मला सांगायचे आहे ते मात्र दुसऱ्याच तबकड्यांविषयी. चित्रपटाची गोष्टच संवादांसह, दारांच्या करकरीसह आणि घोड्यांच्या टापांसह सांगणाऱ्या तबकड्यांविषयी.

बोलण्याला तबकडीवर जागा मिळायला फार दिवस लागले. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाणे संपताच बाईंनी आपले नाव मोठ्याने सांगितले. लाखेच्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटे वाजे. तीन मिनिटांत एक पद बसते, नाटकाचा प्रवेश बसत नाही. त्यामुळे आपल्या संगीत नाटकांची पदे तेवढी कर्ण्यातून घरोघर गेली आणि गद्य मागेच राहिले. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत लिहिलेले ‘संन्यस्त खड्ग’ १९३१ साली बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्यातला मास्टर दीनानाथांचा गाता गळा आजही तबकडीवरून ऐकता येतो. प्रवेश रंगत असताना ते बोलत कसे असतील, हे मात्र पुस्तकातल्या वाक्यांवरून ताडायचे. पुढे तीन-तीन मिनिटांचे तुकडे जोडून नाट्यप्रवेशांचे संचही निघाले. पण ऐन रंगात आलेला प्रवेश थांबवून, उठून, तबकडी उलटायची, सुई बदलायची, चावी द्यायची, म्हणजे पंगतीत दर दोन घासांना पान बदलण्यासारखेच!

वीज नसली तरी त्या फोनोचे अडत नसे, ही त्याची मोठी सोय. रत्नागिरीचे जावई पु. ल. देशपांडे यांच्या अंतू बर्व्याने गावात वीज आली तरी घरात घेतली नव्हती; आपले दारिद्र्य उजेडात कशाला पाहायचे, हा त्याचा हिशेब. असल्या काळोख्या माजघरातही चावीचा फोनो सुखाने गाई.

१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने विनाइलची लाँग-प्ले तबकडी बाजारात आणली आणि सगळा हिशेब बदलला. मिनिटाला ७८ फेऱ्यांऐवजी तेहतीस आणि एक तृतीयांश, बारीक चर, एका बाजूस वीस-बावीस मिनिटे. आता गोष्टीला पाय पसरायला जागा झाली. परदेशांत ही जागा प्रथम मुलांनी अडवली. डिस्नेच्या ‘स्नो व्हाइट’ची गाणी चित्रपटाच्या ध्वनिपटावरूनच १९३८ साली तबकड्यांवर आली होती, १९५६ साली डिस्नेने स्वतःची तबकड्यांची कंपनीच काढली. मग चित्रांचे पुस्तक आणि तबकडी जोडीने येऊ लागली. निवेदक गोष्ट सांगतो आणि मधेच इवलीशी घंटी वाजते, की मुलाने पान उलटायचे. आजीची जागा यंत्राने घेतली असे कोणी म्हणेल. पण ते यंत्र आजीसारखे मधेच पेंगत नव्हते, हेही मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे मात्र निवेदक नाही, पुस्तक नाही. चित्रपटाच्या ध्वनिपटातले प्रसंग कापून एकापुढे एक लावायचे, हीच रीत पडली. ‘मुगल-ए-आझम’ १९६० सालचा. त्याच्या संवादांची तबकडी लावली की पृथ्वीराज कपूरच्या आवाजाने ओसरीवरची माणसे सावरून बसत. उर्दू निम्मी कळे, निम्मी कळत नसे. बादशहा रागावला आहे, एवढे मात्र नेमके कळे.

पण खरा कहर केला तो ‘शोले’ने. १५ ऑगस्ट १९७५ रोजी चित्रपट लागला. राहुलदेव बर्मनची गाणी असूनही पॉलिडॉर कंपनीची गाण्यांची तबकडी अपेक्षेइतकी उठेना. कारण शोधू जाता ध्यानात आले, की थेटरातून बाहेर पडणारी माणसे गाणी गुणगुणत नाहीत, ती सलीम-जावेदचे संवाद घोळवताहेत. तेव्हा कंपनीने संवादांचीच तबकडी काढली; तीन तासांहून लांब चित्रपट तासाभराच्या आत आणला, आणि ती तबकडी तुफान खपली. लग्न असो, सत्यनारायण असो, मांडवावरच्या कर्ण्यातून गब्बरसिंग गरजू लागला. भटजी संकल्प सांगताहेत आणि बाहेर कोणी दरोडेखोर, माणसे किती होती, ते विचारतो आहे, असा अपूर्व योग त्या काळात अनेकांनी अनुभवला असेल.

कोकणी माणसाला हे बोलणे इतके का भावले? माझा तर्क असा, की त्याचा कान आधीच तयार होता. नमन-खेळ्यांतल्या सोंगांची बोलाचाली, जाखडीतले सवाल-जवाब, हे सारे तो पिढ्यान्‌पिढ्या रात्रभर जागून ऐकत आलेला. शब्दाला शब्द कसा भिडतो, याची पारख त्याला शिकवावी लागत नव्हती.

आणि निवेदक नव्हता, हेच बरे झाले. चित्रपट न पाहिलेल्या पोराला रामगड स्वतःच वसवावे लागे. ते चित्रण झाले बंगलोरजवळच्या रामनगरच्या खडकांत. पण रत्नागिरीच्या पोराने गब्बरला बसवले आपल्या सड्यावर, मे महिन्यात तापून काळ्याठिक्कर पडलेल्या कातळावर. ठाकूरच्या वाड्याला त्याने मंगलोरी कौले चढवली, पुढे पडवी काढली. पुढे प्रत्यक्ष चित्रपट पाहिल्यावर ‘हे रामगड नव्हेच’ असे म्हणणारी माणसे मी ऐकली आहेत.

मराठीत चित्रपटापेक्षा एकपात्री आणि रंगभूमीच या बाबतीत पुढे राहिली. पु. लं.ची ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘वाऱ्यावरची वरात’ तबकडीवर आली आणि एकाच माणसाच्या गळ्यातून अख्खी चाळ बोलताना घरबसल्या ऐकायला मिळाली. इथे तर पाहायचे असे काही उरलेच नव्हते. आवाज हाच पडदा.

१९७७ साली रत्नागिरीला आकाशवाणी केंद्र झाले. पाठोपाठ कॅसेट आली. स्वस्त, खिशात मावणारी, पुन्हा पुसून वापरता येणारी. तिने तबकडी मागे सारली. गोष्टीच्या तबकडीचे मूळ मात्र तोडले ते व्हिडिओने. सिनेमाच घरी येऊ लागल्यावर त्याचा आवाज वेगळा विकत कोण घेणार?

त्या तबकड्यांतल्या काहींना कोकणच्या पावसाळ्याने बुरशी चढवली, काही खिडकीतल्या उन्हाने पापडासारख्या वाकल्या. उरल्यासुरल्या हौशी संग्राहक जपून ठेवतात. ज्या घरात तबकडीला चरा पडलेला होता, तिथली माणसे तर वेगळीच ओळखू येतात. आज दूरदर्शनच्या पडद्यावर ‘शोले’ लागला, की ठरावीक वाक्यापाशी ती नकळत थबकतात आणि तेच दोन शब्द तीनदा म्हणून मग पुढे जातात.