मारधाडीच्या चित्रपटांतील न्याय



मारधाडीच्या हिंदी चित्रपटांचे नाव काढताच सुशिक्षित मंडळी नाक मुरडतात. एका ठोशात दहा गुंड आडवे होतात, हे बुद्धीला पटणारे नाही, हा त्यांचा आक्षेप खराच आहे. परंतु खांबातून प्रकटणारा नरसिंह ज्या समाजाने कीर्तनांतून पिढ्यान्‌पिढ्या भक्तिभावाने ऐकला, त्याला अतिशयोक्तीचे वावडे असावे तरी का? तेव्हा ‘हे शक्य आहे काय?’ यापेक्षा ‘हे लोकांना का हवे होते?’ असा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने विचारला पाहिजे.

ही परंपरा जुनी आहे. १९३५ साली मुंबईच्या वाडिया मूव्हीटोनने ‘हंटरवाली’ काढला. ऑस्ट्रेलियात जन्मलेली नादिया त्यात मुखवटा घालून घोड्यावरून येते आणि जुलमी प्रधानाच्या माणसांना चाबकाने फोडून काढते. वितरक हा चित्रपट घेण्यास धजेनात. अखेर वाडिया बंधूंनी तो स्वतःच प्रदर्शित केला आणि त्यावर लोकांच्या उड्या पडल्या. परक्या अमलाखाली राहणाऱ्या प्रेक्षकाला त्या चाबकाचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसेल.

याच काळात साहसपट काढणाऱ्या निर्मात्यांत किकूभाई देसाई होते. त्यांचे चिरंजीव मनमोहन देसाई गिरगावातील खेतवाडीत वाढले आणि त्यांनी १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ दिला. स्वातंत्र्यदिनी ताटातूट झालेले तीन भाऊ हिंदू, मुसलमान व ख्रिस्ती घरांत वाढतात आणि एकाच वेळी एका स्त्रीला रक्त देतात. ती आपली आई आहे, याची त्यांना कल्पनाही नसते. तिघांचे रक्त नळ्यांतून वर चढून एकत्र मिसळते व तिच्या अंगात जाते. वैद्यकशास्त्रात हे बसत नाही. पण जे सांगायला एखाद्या वक्त्याला तासभर लागला असता, ते देसायांनी क्षणात सांगितले.

तथापि या चित्रपटांचा खरा विषय न्याय हाच होय. १९७२ चा दुष्काळ, १९७४ चा रेल्वे संप आणि जून १९७५ मधील आणीबाणी अशी ती वर्षे होती. ‘जंजीर’ १९७३ चा. ‘दीवार’ व ‘शोले’ दोन्ही १९७५ चे. ‘शोले’ची हकीकत तर विशेष बोधप्रद आहे. मूळ शेवटात दोन्ही हात गमावलेला ठाकूर गब्बरला पायांनी ठार मारतो. परंतु सेन्सॉरने तो शेवट चालू दिला नाही. ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर कायद्याच्या स्वाधीन होतो, असा बदल करावा लागला. ज्या राजवटीने मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची नागरिकाची वाट अडवली होती, तिच्याच अमलात पडद्यावर मात्र कायद्याची बूज राखली गेली! खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली इंग्रज सरकारने बंदी घातली, हे आपणांस ठाऊकच आहे. रंगमंचावरील ठोसा कोणाला लागतो, हे सत्तेला प्रेक्षकांइतकेच नेमके कळते.

म्हणून ठोशाच्या आकाराला हसण्यापूर्वी न्याय किती दूर गेला आहे, ते पाहावे. २०२३ च्या ‘जवान’मध्येही कर्जबाजारी शेतकरी आणि प्राणवायूवाचून तडफडणारे रुग्ण यांच्याच बाजूने नायक शस्त्र उचलतो.

मात्र या चित्रपटांचे दोषही झाकू नयेत. नादियाच्या हातातील चाबूक पुढे पुरुषाकडे गेला आणि पुष्कळशा चित्रपटांत नायिका केवळ गाण्यापुरती उरली. त्याहून गंभीर गोष्ट अशी की, एकटा वीर सर्वांचा हिशेब चुकता करतो आणि भोवतालचा जमाव टाळ्या वाजवतो. प्रत्यक्षात न्याय असा मिळत नाही. तो संघटनेने, कायद्याने आणि चिकाटीने मिळवावा लागतो, आणि ते काम तीन तासांत संपत नाही. या चित्रपटांनी लोकांच्या मनातील अन्यायाची चीड जिवंत ठेवली, हे त्यांचे ऋण आपण मान्य करावे. त्या चिडीचे पुढे काय करायचे, हे मात्र चित्रपटगृहाबाहेर आल्यावर आपणच ठरवायचे आहे.