काळ्या पाण्याचे कैदी व त्यांचा कुलशोध

ब्रिटिश अमदानीत गंभीर गुन्ह्यांबद्दल समुद्रापलीकडील वसाहतींत सक्तमजुरीसाठी पाठविण्याच्या शिक्षेस लोकव्यवहारात ‘काळे पाणी’ म्हणत. समुद्रोल्लंघन निषिद्ध मानणाऱ्या समाजात या शिक्षेचा अर्थ केवळ दूरचा तुरुंग एवढाच नव्हता. जात, कुल व श्राद्धकर्म यांपासून होणारी ताटातूटही तीत अभिप्रेत होती. अशा कैद्यांचे मूळ गाव, कुटुंब व वंशज यांचा कागदपत्रांवरून घेतलेला शोध म्हणजे कुलशोध होय. नासिक जिल्ह्याचा या विषयाशी दुहेरी संबंध येतो. महाराष्ट्रातील सर्वांत प्रसिद्ध हद्दपार कैदी याच जिल्ह्यातील भगूरचे. आणि नासिक व त्र्यंबकेश्वर येथील क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या हे कुळांच्या शोधाचे एक जुने व मोठे साधन. मात्र ज्यांचा शोध घ्यावयाचा त्यांपैकी बहुतेकांची नावे या दोहोंच्या बाहेरच राहिली आहेत.

अंदमान ही हिंदुस्थानी कैद्यांची पहिली वसाहत नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस सुमात्रा बेटावरील बेंकूलेन येथे कैदी पाठविण्यास आरंभ केला. त्यानंतर पिनांग, मॉरिशस, मलाक्का, सिंगापूर व ब्रह्मदेशातील तेनासरीम येथे कैद्यांचे तांडे जात राहिले. मुंबई इलाख्यातील कैदी मुख्यत्वे मॉरिशस व मलायाकडील वसाहती यांच्या वाट्यास आले. मॉरिशसमध्ये १८१५ पासून सुमारे दोन दशकांत बंगाल व मुंबई इलाख्यांतून साधारण १,५०० कैदी उतरविण्यात आले. त्यांनी बांधलेले रस्ते व पूल चार्ल्स डार्विनने १८३६ मध्ये पाहिले आणि या माणसांच्या भारदस्त चेहऱ्यामोहऱ्याची नोंद करून ठेवली. सिंगापूरमधील सेंट अँड्र्यू कॅथीड्रल हिंदुस्थानी कैद्यांच्या श्रमाने उभे राहिले. तेथील वसाहतींचा कारभार १८६७ मध्ये हिंदुस्थान सरकारकडून काढून घेण्यात आला आणि १८७३ मध्ये सिंगापूरचा कैदी विभाग बंद झाला. तोपर्यंत अंदमानची वसाहत चांगली रुजली होती.

पोर्ट ब्लेअर येथे १० मार्च १८५८ रोजी डॉ. जेम्स पॅटिसन वॉकर दोनशे कैद्यांसह उतरला. १८५७ च्या उठावातील बंदिवानांसाठी निवडलेल्या या बेटांवरचा पहिला काळ भीषण होता. रोगराई, जंगल व मूळ रहिवाशांचे हल्ले यांत कैदी मोठ्या प्रमाणात मेले. पळून जाऊन पुन्हा हाती लागलेल्या ८६ जणांना वॉकरने एकाच दिवशी फाशी दिले. अंदमानातील वंशावळींचा विचार करताना हा प्रारंभ विसरता येत नाही. पहिल्या तांड्यांतील अनेकांना बेटावर संतती झालीच नाही. त्यांचे वंशज असतील, तर ते मागे गावी राहिलेल्या मुलांपासूनचे. म्हणूनच कुलशोधाचा मार्ग बहुधा बेटाकडून गावाकडे नव्हे, तर गावाकडून बेटाकडे जातो.

नासिक परिसरात १८५७ च्या सुमारास भिल्ल, कोळी व ठाकूर यांचे उठाव झाले. भागोजी नाईकाच्या भिल्लांशी नांदूर शिंगोटे येथे ४ ऑक्टोबर १८५७ रोजी झालेल्या चकमकीत पोलीस अधिकारी हेन्री मारला गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला झाला आणि पेठ संस्थानातील हरसूलचा बाजार लुटला गेला. पेठचा भगवंतराव ऊर्फ भाऊराजा यास फाशी देण्यात आले. भागोजी पुढे दोन वर्षे झुंजत राहिला व नोव्हेंबर १८५९ मध्ये सिन्नर भागातील मिठसागरे येथे पडला. अशा उठावांच्या खटल्यांत मृत्युदंडाच्या खालोखाल हद्दपारीची शिक्षा असे. नायकांची नावे गॅझेटिअरात आली. त्यांच्या मागच्या माणसांचा उल्लेख तेथे जमातीच्या नावाने किंवा आकड्याने होतो.

यापुढील पर्वात नासिकचे नाव गाजले ते अभिनव भारत या क्रांतिकारक संघटनेमुळे. गणेश दामोदर ऊर्फ बाबाराव सावरकर यांना कवितांच्या प्रकाशनाबद्दल राजाविरुद्ध युद्ध पुकारण्यास चिथावणी दिल्याच्या आरोपावरून ८ जून १९०९ रोजी नासिक येथे जन्मठेप झाली. त्याच वर्षी २१ डिसेंबरला विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी जिल्हाधिकारी जॅक्सन यास गोळ्या घातल्या. या खुनाच्या खटल्यात कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाणे येथे फाशी देण्यात आले आणि इतर तिघांना जन्मठेप झाली. त्यांपैकी वामन नारायण जोशी अंदमानात गेले. नासिक कट खटल्यात विनायक दामोदर सावरकर यांना २४ डिसेंबर १९१० रोजी जन्मठेप झाली व जॅक्सन खुनास साहाय्य केल्याबद्दल ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी. अशा रीतीने ५० वर्षांची शिक्षा घेऊन ते ठाण्याच्या तुरुंगातून मद्रासमार्गे ‘महाराजा’ या जहाजाने जुलै १९११ मध्ये पोर्ट ब्लेअरला पोहोचले. त्यांच्या बिल्ल्यावर ३२७७८ हा क्रमांक व सुटकेचे वर्ष १९६० असे होते. दोघे बंधू १९२१ मध्ये मायदेशी परत आणले गेले. सावरकरांच्या माझी जन्मठेप (१९२७) या ग्रंथामुळे कोलू, काथ्याकूट व वर्षाकाठी एक पत्र हे कैद्याचे आयुष्य मराठी वाचकास परिचित झाले. घरी राहिलेल्यांची शिक्षा मात्र कोणत्याच निकालपत्रात नोंदली गेली नाही. बाबारावांच्या पत्नी येसूवहिनी १९१९ मध्ये पतीची भेट न होताच निवर्तल्या.

या घराण्याचा इतिहास लिहिता येतो, कारण ते लिहिणारे घराणे होते. ज्या कैद्यास अक्षरओळख नव्हती त्याचा पत्ता सरकारी वर्णनपत्रकावरूनच लावावा लागतो. कैद्याबरोबर जाणाऱ्या या पत्रकात नाव, बापाचे नाव, जात, वय, उंची, अंगावरील खुणा, गाव, गुन्हा, न्यायालय व शिक्षेची तारीख हा तपशील असे. बंगाल व मद्रास इलाख्यांत कैद्याच्या कपाळावर गुन्हा गोंदण्याची रीत होती. ती १८४९ मध्ये बंद झाली. आपल्या पूर्वजाचे वर्णन त्याच्या अंगावरील व्रणांवरून प्रथम वाचावयास मिळणे ही गोष्ट वंशजास सुखावह नाही. परंतु ज्याचे चित्र नाही, पत्र नाही, त्याच्या शरीराविषयी एवढी तरी माहिती त्या कागदाने राखली आहे.

या पत्रकांच्या वाचनात काही अडचणी ठरलेल्या आहेत. आडनाव सहसा नसते. ‘अमुक वलद तमुक’ किंवा ‘अमुक बिन तमुक’ एवढेच असते आणि आडनावाच्या जागी जात येते. स्त्री-कैद्यांच्या बाबतीत नवऱ्याच्या नावावरून माहेरचे कूळ लागत नाही. मोडीतून इंग्रजीत उतरताना कारकुनाच्या कानाप्रमाणे नावे बदलत. चांदवडचे ‘चांदोर’ झाले, ते अनेक दप्तरांत तसेच राहिले. सर्वांत मोठी फसगत होते ती जिल्ह्याच्या नावाने. नासिक हा स्वतंत्र जिल्हा १८६९ मध्ये झाला. त्यापूर्वीचा सिन्नर किंवा निफाडचा कैदी अहमदनगरच्या कागदांत, तर मालेगाव किंवा बागलाणचा खानदेशच्या कागदांत शोधावा लागतो. पेठ संस्थान तर १८७८ मध्ये खालसा झाल्यावर जिल्ह्यात आले. ‘नासिक’ या नावाखाली काही सापडले नाही म्हणून शोध सोडणारे अनेकदा चुकीच्या कपाटासमोर उभे असतात. मुंबई सरकारच्या न्याय खात्याचे दप्तर मुंबईच्या पुराभिलेखागारात आहे. त्याच्या प्रती व गोषवारे लंडनला जात; ते आता ब्रिटिश लायब्ररीत आहेत.

दुसरे साधन गोदावरीच्या घाटावरचे. रामकुंडावर श्राद्ध, अस्थिविसर्जन किंवा सिंहस्थ स्नान यांसाठी येणाऱ्या यजमानाकडून क्षेत्रोपाध्याय आपल्या वहीत गाव, पूर्वजांची नावे, भाऊ, पुत्र व पौत्र यांची नोंद करून घेत. गाव, जात किंवा आडनाव यांवरून यजमान वाटलेले असल्यामुळे योग्य उपाध्याय मिळाल्यास काही पिढ्यांची साखळी एकाच बैठकीत हाती लागते. जुन्या नोंदी मोडीत आहेत. वहीत काय आहे याइतकेच काय नाही याकडेही लक्ष द्यावे लागते. एका नोंदीत चार भाऊ आणि पुढच्या नोंदीत तीन. चौथ्याचे श्राद्धही नाही व संततीही नाही, अशी जागा दिसली तर तिच्या काळातील न्यायखात्याचे कागद चाळून पाहावेत. चौथा भाऊ पटकीने गेला असेल, दत्तक गेला असेल किंवा मुंबईच्या गिरणीत असेल. केवळ वहीवरून त्यास अंदमानात पाठविणे योग्य नव्हे. धर्मशास्त्राप्रमाणे बारा वर्षे ज्याची वार्ता नाही त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून दाह व उत्तरक्रिया करीत. असा मनुष्य परत आलाच, तर त्याचे जातकर्मादी संस्कार पुन्हा करावेत असेही सांगितले आहे. जन्मठेपेच्या कैद्यास चांगल्या वर्तणुकीवर साधारणपणे २० ते २५ वर्षांनी सुटकेची आशा असे. म्हणजे शास्त्राची मुदत सरकारच्या मुदतीआधीच संपत असे.

वह्यांची मर्यादा उघड आहे. यजमानकीच्या चौकटीबाहेर राहिलेल्या भिल्ल, ठाकूर, कातकरी यांची, किंवा ज्यांना १९३० च्या सत्याग्रहापर्यंत रामकुंडावर स्नानाचीही मुभा नव्हती त्यांची वंशावळ त्यांत अपेक्षिता येत नाही. जे उठावांत अधिक सापडले, ते वहीत कमी सापडतात. त्यांच्यासाठी महसुली कागद अधिक उपयुक्त ठरतात : महार वतनाच्या तक्षिमांच्या नोंदी, जागल्यांच्या नेमणुका, सर्वेक्षणानंतरचे खातेदारबदल आणि जन्ममृत्यूची कोतवाल बुके. भारतीय दंडसंहितेत मालमत्ता सरकारजमा करण्याची जी तरतूद १९२१ पर्यंत होती, तिच्यामुळे जमीन असणाऱ्या कैद्याचा माग गावच्या दप्तरातही उरण्याचा संभव असतो. भूमिहीनाच्या बाबतीत ही वाटही बंद होते.

अंदमानाकडील बाजू याहून तुटक आहे. काही वर्षांच्या मजुरीनंतर निवडक कैद्यांना परवाना मिळून शेती किंवा धंदा करता येई. अशा स्वावलंबी कैद्यांना विवाहाची मुभा होती व वधू स्त्री-कैद्यांतून येत. त्यांच्या संततीस ‘लोकल बॉर्न’ हे नाव पडले. त्यांची बोली हिंदुस्थानी झाली, जातिबंधने सैल झाली. मराठी, पंजाबी, ब्रह्मी व तेलुगू आईबापांची मुले एकाच वस्तीत वाढली. वंशशुद्धीच्या कल्पनेने येणाऱ्या शोधकर्त्यास येथे फारसे मिळत नाही. माणसांनी नव्याने संसार कसे उभे केले हे पाहणाऱ्यास पुष्कळ मिळते. जपानी अंमलात (१९४२–४५) पोर्ट ब्लेअरचे बरेच दप्तर नष्ट झाले. त्यामुळे हिंदुस्थान सरकारच्या गृहखात्याकडे वेळोवेळी गेलेले अहवाल व याद्या यांवरच मुख्य भिस्त ठेवावी लागते. ते नवी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

मॉरिशसमधील मराठी घराण्यांविषयी एक गोंधळ नेहमी आढळतो. तेथील मराठी भाषिक मुख्यतः १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून गेलेल्यांचे वंशज आहेत. मजुरांचे कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत व त्यांत मूळ गाव बऱ्यापैकी स्पष्ट मिळते. कैद्यांचे दप्तर वेगळे. पूर्वजाचे नाव मजुरांच्या नोंदीत नसेल तरच कैद्यांच्या यादीकडे वळणे इष्ट.

कैदी पूर्वजाविषयीची भावना काळानुसार कशी पालटते याचे उदाहरण ऑस्ट्रेलियात दिसते. तेथे १७८८ ते १८६८ या काळात सुमारे १,६२,००० कैदी नेण्यात आले. त्यांचे नातू आपली उत्पत्ती लपवीत. आज पूर्वज कैदी असणे भूषणाचे मानले जाते आणि तेथील कैद्यांचे दप्तर २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृतिनोंदवहीत समाविष्ट झाले. आपल्याकडे लपवालपवी अधिक काळ टिकली आणि ती संपताना दुसऱ्या टोकाची ओढ निर्माण झाली : अंदमानात गेलेला प्रत्येक पूर्वज देशभक्त असावा अशी. ही ओढ समजण्यासारखी असली, तरी कागद तिला साथ देत नाहीत. बेटावरील बहुसंख्य कैदी खून, दरोडा अशा गुन्ह्यांचे होते. सावकाराच्या घरावर पडलेला दरोडा आणि उठाव यांतील सीमा त्या काळच्या न्यायालयास नेहमीच स्पष्ट दिसत होती असे नाही. तथापि ती सरसकट पुसून टाकणेही इतिहासास मान्य होणार नाही. नायकाच्या टोळीतील शिपाई, बायकोच्या खुनाबद्दल गेलेला कुणबी आणि नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल गेलेली विधवा यांना एकाच बोटीने नेण्यात आले. वंशजाच्या हाती यांपैकी कोणाचाही कागद येऊ शकतो.

कारागृह समितीने १९२० मध्ये हद्दपारी बंद करण्याची शिफारस केली, तरी ती लगेच पूर्णपणे थांबली नाही. १९३२ पासून बंगाली क्रांतिकारक पुन्हा सेल्युलर जेलमध्ये पाठविले गेले व १९३८ पर्यंत परत आणले गेले. दंडसंहितेतील हद्दपारीची शिक्षा १९५५ च्या दुरुस्तीने रद्द होऊन १ जानेवारी १९५६ पासून तिच्या जागी आजन्म कारावास आला. तोपर्यंत शिक्षा संपलेल्या अनेक कैद्यांनी बेटावरच घरे केली होती. त्यांच्या नातवंडांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मगाव म्हणून पोर्ट ब्लेअरच्या आसपासच्या वस्त्यांचीच नावे लागली.