दबा धरलेला रस्ता

अपघातानंतर 'रस्ता कसा होता?' हे विचारले जातेच. इटालियन माणूस म्हणेल, 'आस्फाल्तो बान्यातो', ओले डांबर. किंवा 'स्त्रादा स्द्रुच्चोलेवोले', निसरडा रस्ता. तिथल्या न्यायालयांत मात्र अनेक दशके वजन होते 'इन्सिदिया' या शब्दाला. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ, दबा धरून बसणे. खड्डा दिसण्याजोगा नव्हता, त्याचा अंदाजही येणे शक्य नव्हते, हे जखमी माणसानेच सिद्ध करायचे!

या शतकाच्या सुरुवातीला न्यायालये १९४२ च्या दिवाणी संहितेतील २०५१ व्या कलमाकडे वळली. वस्तू ज्याच्या ताब्यात, तिने केलेल्या नुकसानीची जबाबदारी त्याची. खड्ड्यामुळेच पडलो, एवढे जखमीने दाखवायचे. आकस्मिक कारण रस्ता राखणाऱ्याने सिद्ध करायचे.

कलम जुनेच होते. ते वाचायला साठ वर्षे लागली.