‘पागडी’ आणि मुंबईतील घरखरेदीचा निर्णय

घर कोठे व केव्हा विकत घ्यावे, हा प्रश्न मुंबईच्या मध्यमवर्गापुढे तसा उशिराच उभा राहिला. तत्पूर्वी बिऱ्हाड करावयाचे ते बहुधा भाड्याच्या जागेत. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे सामान्यतः प्रमाण मानले. भाडेकरूस संरक्षण लाभले. परंतु भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधण्याचे मालकांचे स्वारस्य ओसरले. रिकाम्या जागेसाठी चढाओढ लागली आणि कायद्याने निषिद्ध असलेली रक्कम ‘पागडी’ या नावाने गुप्तपणे घेतली जाऊ लागली. मस्तकावरील मानाच्या वस्त्राचे नाव अशा देवघेवीस मिळावे, हे अर्थांतर लक्षणीय होय. पागडीने ताबा मिळे, मालकी नव्हे. म्हणून पागडी देऊन शहरातील जागा आजच घ्यावी, की पैसा साठवून पुढे उपनगरात मालकीचे घर करावे, असा पेच पडे. १९६३ च्या सदनिका-मालकीविषयक कायद्याने विक्रीचा लेखी, नोंदणीकृत करार बंधनकारक करून दुसऱ्या मार्गास आधार दिला. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडीसही मान्यता दिली. तात्पर्य, घराची वेळ व जागा ग्राहक एकटा ठरवीत नाही; त्याच्यापुढील पर्याय कायदा घडवितो आणि त्यांची नोंद भाषा ठेवते.