पाण्यासाठी थांबलेले

मागच्या मे महिन्यात हैदराबादला आमच्या गटातला एक जण धावता धावता खाली बसला. रविवारची लांब धाव होती, तीस किलोमीटरची. पहाटे चारला नेकलेस रोडवरून आम्ही चौदा जण निघालो होतो आणि सात वाजेपर्यंत हुसेनसागरावरून येणारं वारंही तापलं होतं. हा आमच्यातला सगळ्यांत शिस्तीचा. तहान असो-नसो, दर दोन किलोमीटरला बाटली तोंडाला लावायची, हे प्रशिक्षकांनी घालून दिलेलं वेळापत्रक तंतोतंत पाळणारा तो एकटाच. चोविसाव्या किलोमीटरला तो असंबद्ध बोलायला लागला, फुटपाथवर टेकला आणि ओकला. ऊन लागलं असं समजून आम्ही त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि आणखी पाजलं. दवाखान्यात रक्ताचा अहवाल आल्यावर डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "यांना एवढं पाणी कोणी पाजलं?" पाणी जास्त होऊन रक्तातलं सोडियम घसरलं होतं. तो वाचला, तिसऱ्या दिवशी घरी आला.

बाईंच्या प्रश्नाचं खरं उत्तर 'आम्ही' असंच होतं. पण आम्हांला हे शिकवलं कोणी, म्हणून मी मॅरेथॉनचा इतिहास चाळायला घेतला, तेव्हा उलटंच काही हाती आलं. या शर्यतीची पहिली कित्येक दशकं पाणी पाजण्यात नाही, तोडण्यात गेली आहेत.

१९०४ साली सेंट लुईसच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन ३० ऑगस्टला भर दुपारी तीनच्या सुमारास सुरू झाली. पारा ३२ अंशांच्या घरात, रस्ते मातीचे आणि पुढे चाललेल्या मोटारींनी उडवलेला धुरळा. वाटेत पाणी मिळण्याची सोय जवळजवळ नव्हतीच, आणि ती चूक नव्हती. पाण्यावाचून माणूस कुठवर जातो हे संयोजक जेम्स सलिव्हन यांना पाहायचं होतं. ३२ जण निघाले, १४ पोचले. विजेता थॉमस हिक्स पाणी मागत होता. सोबतच्या मदतनिसांनी त्याचं तोंड ओल्या स्पंजने पुसलं आणि पाण्याऐवजी अंड्याचा पांढरा बलक, ब्रँडी आणि कुचल्याचं विष, म्हणजे स्ट्रिक्निन दिलं. (याच शर्यतीत लेन टाऊ आणि यान माशियानी हे दोन आफ्रिकी धावपटू होते. ते तिथल्या जागतिक प्रदर्शनात बोअर युद्धाचा खेळ करायला आणलेल्या मंडळींपैकी. टाऊच्या मागे कुत्रं लागून तो रस्ता सोडून पळाला, तरीही नववा आला. एरवी ही हकिगत विनोद म्हणून सांगतात. मला त्यात हसू येत नाही.)

आठ वर्षांनी स्टॉकहोम. १४ जुलै १९१२, पुन्हा तसंच ऊन. पोर्तुगालचा फ्रान्सिस्को लाझारो पेशाने सुतार. कातडी भाजू नये म्हणून त्याने अंगाला मेणासारखा लेप फासला होता. त्याने घामाची वाटच बुजली. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला. आधुनिक ऑलिंपिकमध्ये शर्यतीपायी झालेला हा पहिला मृत्यू. पुढे धावणारे दोघे दक्षिण आफ्रिकेचे, केन मॅकार्थर आणि ख्रिश्चन गिटशॅम. असं सांगतात, की गिटशॅम पाण्यासाठी थांबला तो सोबती थांबेल या बोलीवर. मॅकार्थर थांबला नाही. त्याला सुवर्णपदक मिळालं, गिटशॅमला रौप्य.

त्याच शर्यतीत शिझो कानाकुरी होता. ऑलिंपिकला गेलेल्या पहिल्या दोन जपानी खेळाडूंपैकी हा एक, वय वीस. जहाज आणि सैबेरियातून जाणारी आगगाडी असा लांबचा प्रवास करून तो पोचला होता. पायांत जपानी कापडी जोडे. सत्ताविसाव्या किलोमीटरच्या सुमाराला ग्लानी आली तेव्हा रस्त्याकाठच्या एका बागेत काही लोक बसलेले दिसले. तो आत शिरला. त्यांनी त्याला सरबत दिलं, विसावू दिलं. तिथून तो कोणाला न कळवता परतला आणि मायदेशी गेला. स्वीडनमध्ये तो बेपत्ता म्हणून गाजत राहिला. रोजनिशीत त्याने जन्मभराची खंत नोंदवली आहे. मला मात्र त्या दिवशी त्याच्याइतकं शहाणं कोणी वागलं असं वाटत नाही. तहान लागली, तो थांबला, प्यायला, जगला.

मायदेशी परतून त्याने उन्हाळ्यात समुद्रकिनारी मुद्दाम तळपत्या उन्हात धावण्याचा सराव सुरू केला. आज ज्याला आपण शरीर उन्हाला सरावणं म्हणतो, ते त्याने स्वतःवरच करून पाहिलं. दहा-बारा दिवस रोज थोडं थोडं उन्हात राबलं की घाम लवकर सुटू लागतो, त्यात मीठ कमी जातं, रक्ताचं आकारमान वाढतं. आपल्याकडे शेतात राबणाऱ्यांना हे पुस्तकावाचून ठाऊक असतं. एकट्याने पळून भागणार नाही, पुष्कळ धावपटू एकत्र घडले पाहिजेत, हेही त्याच्या मनाने घेतलं. १९२० साली सुरू झालेली हाकोनेची सांघिक दौड उभी राहिली त्यात त्याचा मोठा वाटा.

त्याच वर्षी तो अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये धावला आणि सोळावा आला. त्याच्यामागे दोन जागा सोडून एकोणिसावा आला तो बेळगावचा फडेप्पा चौगुले. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर अनवाणी धावणाऱ्या शेतकऱ्यांच्या पोरांना पाहून दोराबजी टाटांनी जो संघ परदेशी नेला, त्यातला हा गडी. अँटवर्पचा दिवस गार आणि पावसाळी होता. दख्खनच्या उन्हात घडलेल्या फडेप्पाच्या अंगी जे होतं, त्याचा तिथे काय उपयोग! शर्यत स्टॉकहोमच्या उन्हात असती तर, हा विचार मी मराठी माणूस म्हणून करतो हे कबूल.

पुढची दशकं भरभर सांगण्यासारखी आहेत. १९५० च्या दशकातही आंतरराष्ट्रीय नियम असा होता, की पहिल्या १५ किलोमीटरमध्ये खाणं-पिणं मिळणार नाही. १९६९ मध्ये विंडम आणि स्ट्रायडम या दक्षिण आफ्रिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी अपुऱ्या पाण्याचा धोका मांडला. सोन्याच्या खाणींत खोलवर उकाड्यात राबणारे काळे मजूर कसे तगतील, हा या प्रयोगशाळेचा मूळ विषय. आमच्या हौशी धावण्याचं बरंचसं शास्त्र त्यांच्या घामातून आलं आहे. त्याआधीच, १९६५ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठात फुटबॉल खेळाडूंसाठी मीठ-साखरेचं पेय तयार झालं होतं. ते बाजारात आलं आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. तहान लागेपर्यंत थांबाल तर उशीर झालेला असेल, हे वाक्य जाहिरातींतून प्रशिक्षकांच्या तोंडी गेलं. टिम नोक्स यांनी १९८५ मध्येच पाणी जास्त होऊन धावपटू अत्यवस्थ होतात हे छापलं होतं. फार कोणी ऐकलं नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या क्रीडावैद्यकाच्या मोठ्या संस्थेने तर सोसेल तेवढं प्या असा सल्ला दिला. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये एक तरुणी अति पाण्याने दगावली. त्याच शर्यतीतल्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम घसरलेलं निघालं. पाणी तोडणारे आणि पाणी लादणारे, दोघांनाही धावणाऱ्याला विचारावंसं वाटलं नव्हतं.

कानाकुरीला १९६७ मध्ये स्वीडनने परत बोलावलं. पंचाहत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याने कोट-टायमध्ये धावत अंतिम रेषा ओलांडली. वेळ जाहीर झाली: ५४ वर्षं, ८ महिने, ६ दिवस, ५ तास, ३२ मिनिटं आणि काही सेकंद.

यंदाच्या मेमध्ये आमचा सोबती पुन्हा धावायला येऊ लागला. वेळापत्रक गेलं. आपल्या पाणपोईला इथे चलिवेंद्रम म्हणतात. उन्हाळ्यात नाक्यानाक्यावर मांडव घालून माठ ठेवलेले असतात. ज्याला तहान लागते तो हात वर करतो आणि सगळे थांबतात. गेल्या रविवारी एकविसाव्या किलोमीटरला त्याने हात वर केला. ग्लास भरून घेतला, अर्धा प्यायला, उरलेला मानेवर ओतला आणि म्हणाला, "बस."