वचन वाचणाऱ्या लेकी



पंजाबात सोळाव्या शतकातच शिखांचे तिसरे गुरू अमरदास यांनी पडदा आणि सती या चालींना विरोध केला. लंगरात स्त्रीपुरुष एकत्र जेवत. तरी घरातल्या रूढी सहजासहजी सुटल्या नाहीत. काही कुळांत मुलगी जन्मताच मारली जाई. १८७० मध्ये त्याविरुद्ध सरकारला कायदा करावा लागला. शिकवण होती, पण ती लेकींपर्यंत पोहोचायची होती.

१८९२ मध्ये भाई तख्तसिंग यांनी फिरोजपूरला शीख मुलींसाठी शाळा काढली. पुढे त्यांच्या पत्नी हरनाम कौर यांनीही त्या कामाला वाहून घेतले. गुरुमुखी शिकलेल्या मुलीला धर्मग्रंथ स्वतः वाचता येऊ लागला. १८९४ मध्ये डॉ. इडिथ ब्राउन यांनी लुधियान्याला ख्रिस्ती स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा सुरू केली, कारण पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरांना तब्येत दाखवत नसत. दोन धर्म, पण दोघांनाही कळले की नुसत्या उपदेशाने भागत नाही. दार उघडावे लागते.

मरिया प्रभूच्या चरणांशी बसून शिकत होती. प्रभूने तिला तिथून उठवले नाही.

आपण मात्र पाहू या: मंडळीत शास्त्रवाचनाला, पास्टोरेट कमिटीत बसायला आपण बहिणींना किती वेळा बोलावतो? घरात लेकीच्या लग्नासाठी पैसे साठवतो, तिच्या शिक्षणासाठी साठवतो का? प्रभू आपल्याला हे दार उघडण्याचे धैर्य देवो. आमेन.